मुलाचा दमा उसळतो: घरी नेब्युलायझर घ्यावा का? कोणता?

अर्धीझोप
मुलगा साडेपाच वर्षांचा. दम्याचं निदान होऊन आठ महिने झाले. बुडेसोनाइडचा (सूज आटोक्यात ठेवणारं स्टेरॉइड) पंप रोज दोन वेळा चालू आहे, धाप लागेल तेव्हा द्यायचा साल्ब्युटामॉलचा (आवळलेली नळी उघडणारं औषध) वेगळा. सर्दी झाली की तिसऱ्या रात्री हमखास उसळतो. परवा रात्री दोनला उठून बसला, खोकला थांबेना, छातीत शीळ घातल्यासारखा आवाज. स्पेसर (पंप आणि मास्कमधली पोकळ नळी) लावून पंप दिला, फरक शून्य. उचलून दवाखान्यात नेलं, तिथे नेब्युलायझरच्या मशीनने वाफ दिल्यावर वीस मिनिटांत माझ्याशी भांडायला लागला, म्हणजे बरा झाला.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की घरी मशीन हवंच. हवेच्या दाबावर चालणारं काँप्रेसरवालं की बारीक जाळीचं मेशवालं? ऑफिसातली मैत्रीण तिचं जुनं फुकट देतेय, ते घ्यावं का? या महिन्यात एकच वस्तू घेता येईल, ते धरून सांगा. दिवसा मुलगा सासूबाईंजवळ असतो.

मनमौजी_७
मेश. डोळे झाकून मेश. आवाज नाही, मुठीत मावतं, बॅटरीवर चालतं. आमची लेक झोपेतच घेते, तिला कळतही नाही. काँप्रेसर म्हणजे घरात पिठाची गिरणी. महाग आहे, पण मुलांच्या बाबतीत काटकसर आम्ही करत नाही. सोबत एअर प्युरिफायर घ्याच, हेपा फिल्टरवाला. आमच्याकडे दोन आहेत.

खडूफळा
मनमौजी, त्या एकच वस्तू म्हणाल्यात.

दोन_पोरांचा_बाप
मशीनची गरजच काय? साध्या किंवा मध्यम अटॅकला स्पेसर लावून दिलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने मुलांवरचे सगळे अभ्यास एकत्र करून हेच सांगितलंय, शिवाय पंपाने छातीची धडधडही कमी वाढते. खरा प्रश्न असा की परवा पंप दिलात कसा? आम्ही पहिलं वर्षभर चुकीचाच देत होतो. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडायचो, पोरगं रडत असायचं, मास्क गालावरून सुटलेला. एक फवारा, मास्क घट्ट, पाच-सहा श्वास, मग पंप हलवून पुढचा. असं केल्यावर तोच पंप लागू पडायला लागला.

मनमौजी_७
अभ्यास असतील. आमच्या डोळ्यांसमोर मशीनने फरक पडलाय.

कडूगोड
मला कळत नाही, रोज स्टेरॉइड देताय आणि वर मशीन विचारताय? एकदा पंपाची सवय लागली की सुटत नाही. माझ्या भावाची उंची त्यानेच खुंटली. आम्ही मुलीचा रोजचा पंप बंद केला, काही झालं नाही.

दोन_पोरांचा_बाप
कडूगोड, उंचीचा मुद्दा खोटा नाही, पण किती ते तरी बघा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात बुडेसोनाइड घेतलेली मुलं मोठेपणी सरासरी १.२ सेंमी कमी भरली. सेंटिमीटर! सवय वगैरे लागत नाही. रोजचा पंप सोडला की श्वासनळ्यांची सूज परत येते, त्यालाच लोक सवय म्हणतात. तुमच्या मुलीला काही झालं नाही, आनंद आहे. दुसऱ्याला हा सल्ला देऊ नका.

कडूगोड
ज्याचं त्याला कळतं.

मावशीबाई
मी साधं सांगते. पातेल्यात पाणी उकळा, डोक्यावरून चादर, दहा मिनिटं वाफ. आमची चारही मुलं अशीच मोठी झाली.

वॉर्डातली
मावशी, कृपा करून नको. मुलांच्या वॉर्डात काम करते, चादरीखाली पातेलं कलंडून मांड्या भाजलेली पोरं पाहिली आहेत. गरम वाफेने दम्यात आवळलेली नळी उघडत नाही. सगळा घोळ आपल्या शब्दाचा आहे. नेब्युलायझरलाही आपण 'वाफ' म्हणतो, पण ती वाफ नाहीच, औषधाचे बारीक थंड तुषार असतात. दवाखान्यात 'वाफ द्या' म्हटलं की घरी आजी पाणी तापवायला ठेवते.

अर्धीझोप
@वॉर्डातली, अगदी हेच झालं! दवाखान्यातून आल्यावर सासूबाई म्हणाल्या, एवढं वाफेसाठी गेलात होय, मीच दिली असती की.

मावशीबाई
थंड तर थंड. मी कोणाला भाजलं नाही.

खडूफळा
अवांतर: घरात मांजर आहे का? आमचा दमा मांजराने वाढला. दिलं नाही कोणाला, पण आता तिला गादीवर येऊ देत नाही. ती रागावलीय.

मनमौजी_७
म्हणूनच प्युरिफायर म्हणतोय.

चष्मेवाला_ढग
कोणी विचारलंच नाही म्हणून विचारतो. पंपात औषध होतं का? आमच्याकडे रात्री तीनला दहा फवारे दिले, पोर आणखीच धापायला लागलं. नंतर कळलं, पंप केव्हाच रिकामा झालेला. साल्ब्युटामॉलच्या पंपात साधारण २०० फवारे असतात. ते संपल्यावरही दाबलं की फुस्स आवाज येतो, पांढरं काहीतरी उडतं, पण तो नुसता आतला वायू. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती फसवी आहे. मोजणीचा आकडा दाखवणारा पंप मागा, नाहीतर कागदावर रेघा मारा.

रच्याकने
+१. पंप तपासा. आणि स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवा, फडक्याने पुसू नका. पुसलं की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

पाऊलवाट
+१ रिकामा पंप. आमचंही असंच झालं होतं.

वॉर्डातली
मशीन घ्या न घ्या, घरच्या मशीनचा धोका सांगते. आईबाप एकामागून एक डोस देत बसतात आणि मूल थकल्यावर आणतात. म्हणून डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: किती फवारे, किती वेळाने परत, आणि नेमकं कधी निघायचं. ही एक गोष्ट फुकट आहे आणि सगळ्यात कामाची आहे.

रात्री मुलाचा सदरा वर करून बघा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, गळ्याखाली खळगा पडतोय का, वाक्य पुरं न करता दोन शब्दांवर थांबतोय का. ओठ निळसर किंवा राखाडी दिसले, मूल सुस्त झालं, किंवा औषधाचा परिणाम काही तासही टिकला नाही, तर निघायचं. वाटेतही पंप चालू ठेवायचा. आणि एक कायम लक्षात असू द्या. शीळ थांबली पण धाप तशीच आहे, तर ते बरं होणं नव्हे. आत हवाच जात नसते म्हणून आवाज बंद होतो.

कडूगोड
घाबरवताय उगाच.

पाऊलवाट
ऑक्सिमीटर घ्यावा का मग एक वस्तू म्हणून?

वॉर्डातली
चालेल, पण बोट गार असेल, मूल हलत असेल तर आकडा भलतंच सांगतो. ९२च्या खाली असेल तर थांबू नका. आकडा ९६ असला आणि बरगड्या ओढल्या जात असतील, तरी बरगड्यांवर विश्वास ठेवा.

दोन_पोरांचा_बाप
जुन्या मशीनला माझा विरोध. दुसऱ्याने वापरलेल्या औषधाच्या कपात कसले जंतू असतील कोणास ठाऊक.

रच्याकने
मीही नको म्हणेन.

मनमौजी_७
जुनं तर अजिबातच नको. पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं!

अर्धीझोप
सगळ्यांचे आभार. आधी कबुली. आत्ता पंप काढून हिशेब मांडला. निदान झालं तेव्हाचाच आहे. तीन आजारपणं, प्रत्येकी चार-पाच दिवस, दिवसाला सोळा-अठरा फवारे. २०० कधीच उलटले. परवा रात्री मी लेकराला नुसता वायू पाजत होते आणि वर पंपालाच नावं ठेवत होते. नवरा बाजूला बसून म्हणाला, "म्हणजे आपण पंचवीस मिनिटं..." आणि पुढे बोललाच नाही.

आज नवा पंप आणला, मोजणीवाला. स्पेसर पहिल्यांदाच न पुसता ठेवलाय, ओट्यावर निथळतोय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, कागद लिहून आणते. एक प्रत सासूबाईंकडे, मोठ्या अक्षरात, आणि वर 'पाणी उकळू नये' असं मी स्वतः लिहिणार आहे.

आणि हो, मैत्रिणीचं मशीन घेतलं. माहीत आहे, सगळे नको म्हणालात. कप, मास्क, नळी आणि फिल्टर नवे बसवलेत, तीच या महिन्याची एक वस्तू. औषध डॉक्टर सांगतील तेव्हाच, तोवर कपाटात. ते तिथे आहे एवढ्यानेच काल मी सहा तास सलग झोपले.

दोन_पोरांचा_बाप
मग धागा कशाला काढलात?

वॉर्डातली
असू दे हो. अर्धीझोप, दर वेळी वापरल्यावर कप धुऊन पूर्ण कोरडा करा. आणि बुडेसोनाइडनंतर चूळ भरायला लावता ना? मास्कने घेत असेल तर तोंडही पुसा.

अर्धीझोप
चूळ हो. तोंड पुसणं नव्हतं माहीत.

खडूफळा
मांजराचं राहिलंच पण.