सोसायटीची वेबसाइट कशावर करायची?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारच्या सभेत वेबसाइट करायचं ठरलं, कशावर करायची ते राहिलं. साइट बनवायच्या सिस्टम बऱ्याच आहेत. कोणी वर्डप्रेस म्हणतं, कोणी ड्रुपल, सी-२०२ चा चिरंजीव ह्यूगो म्हणतो. ए-३०२ मॅडम, वाचनालयाची साइट तुम्ही सांभाळलीत. तुम्ही सांगा.

बी-१०१ काकी: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना साइट कशाला?

सेक्रेटरी: काकी, कितीतरी मालक दुबईत नाही तर मुंबईत. एनओसीचा नमुना, भाडेकरूचा फॉर्म सतत कोणीतरी मागतं आणि मी ग्रुप वर वर सरकवत शोधत बसतो.

सी-२०२: ह्यूगोच घ्या. डेटाबेस म्हणजे माहितीचा साठा नाही, पीएचपीसारखा मागे चालणारा प्रोग्राम नाही, नुसती तयार एचटीएमएल पानं, ब्राउझरमध्ये थेट उघडणारी. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, तीही फुकट मिळते.

ए-३०२: बाबा, तुझं बरोबर आहे. अशी साइट पटकन उघडते आणि फोडायला मागे काही चालूच नसतं. पण टाकी धुण्याची नोटीस लावायची तर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घालून, फाइल लिहा, गिटवर, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सिस्टमवर, चढवा, मग साइट परत तयार होणार. तू हे पाच मिनिटांत करशील. दोन वर्षांनी तू नोकरीला बाहेर असशील आणि कमिटीही नवी असेल. मी पहिलं हेच विचारते, की नोटीस लावणार कोण? आपल्याकडे ते खजिनदार काका.

खजिनदार काका: मी सगळं फोनवरच करतो गो बाय. लॅपटॉप मुलाकडे असतो.

बी-३०३: ड्रुपल का नको? कोकणी, मराठी, इंग्लिश तिन्ही भाषा त्यात येतात.

ए-३०२: येतात, आणि चांगल्या येतात. ड्रुपल ८ पासून, म्हणजे २०१५ पासून, भाषांची सोय मूळ सिस्टममध्येच आहे. वर्डप्रेसला त्यासाठी पॉलिलँगसारखं प्लगइन, म्हणजे वरून जोडायची जादा सोय, लावावं लागतं. पण ड्रुपलला जाणता माणूस हाताशी हवा. ड्रुपल ७ चा आधार, म्हणजे बनवणाऱ्यांकडून येणारे दुरुस्तीचे अपडेट, ५ जानेवारी २०२५ ला संपला आणि ७ वरून पुढे जाणं म्हणजे साइट जवळजवळ नव्याने बांधणं. मोठ्या ऑफिसला ते झेपतं, आपल्याला नाही.
आणि तीन भाषांची तीन वेगळी पानं करूच नये असं माझं मत. पहिला महिना तिन्ही भरतात, मग एक मागे पडतं आणि कोणीतरी जुनी तारीख वाचून सभेला येतं. एकाच पानावर वर मराठी, खाली इंग्लिश. कोकणीत लिहायचं तर तीही देवनागरीच, तिला वेगळं काही लागत नाही.

डी-१०२: गूगल साइट्स? पैसे नाहीत, अपडेटची कटकट नाही.

ए-३०२: चार पानं एकदा लावून ठेवायची असती तर मी तेच म्हटलं असतं. पण नोटिसा तारखेप्रमाणे आपोआप वर येण्याची सोय त्यात नाही, दर वेळी हाताने चिकटवायच्या. म्हणून माझं मत वर्डप्रेसला. २००३ पासूनचं आहे, मराठीत वापरता येतं, फोनचं अ‍ॅप आहे आणि आपल्याकडे अडलं तर दुरुस्त करणारा फोंड्यातही सापडतो, पणजीतही. प्लगइन मोजकी. बॅकअप, फॉर्म, बस्स.

सी-२०२: पण मॅडम, वर्डप्रेस हॅक होतं.

ए-३०२: होतं, आणि ते मी भोगलंय, म्हणून नीट लिहिते. आमच्या वाचनालयाच्या साइटवर बावीस प्लगइन होती. फोटो फिरवणारं एक, वाचक मोजणारं एक, असं काय काय. वर्षभर कोणी अपडेट केली नव्हती. एका सकाळी एका वाचकाने मोबाइल पुढे धरला. गूगलवर वाचनालयाचं नाव, आणि त्याखाली परदेशी गोळ्यांच्या जाहिराती. साइट उघडली तर सगळं जिथल्या तिथे! ती पानं फक्त सर्च इंजिनला दिसतील अशी आत घुसवलेली होती. काढायला पंधरा दिवस गेले.
वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा अपडेट २०१३ पासून आपोआप होतात. प्लगइनसाठी तशी सोय २०२० मध्ये आली, पण ती आपण चालू करावी लागते. पहिल्या दिवशीच करू या.
त्याहून मोठं दुखणं डोमेनचं, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याचं. साइट करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या मेलवर घेतलं होतं. तो आखातात गेला. मुदत संपल्याची पत्रं त्याच्या जुन्या मेलवर जात राहिली आणि आमचं नाव दुसऱ्याच कोणी घेतलं. पुस्तकांच्या याद्या होत्या, पण पत्ताच राहिला नाही. म्हणून सांगते, सिस्टम कुठलीही घ्या, डोमेन आणि होस्टिंग सोसायटीच्या नावावर, सोसायटीच्या मेलवर.

सेक्रेटरी: मेल आजच काढतो. पासवर्ड?

ए-३०२: लिहून पाकिटात, ऑफिसच्या कपाटात. कमिटी बदलली की चावीबरोबर पाकीटही द्यायचं, आणि नव्यांनी पासवर्ड बदलायचा. बॅकअप घेताना डेटाबेस आणि अपलोडचा फोल्डर दोन्ही घ्या. एकटा डेटाबेस घेतला तर नोटिसा परत येतील, जोडलेले फॉर्म येणार नाहीत.

बी-१०१ काकी: थकबाकीची यादी लावणार काय तिथे? आमची पाईपची भानगड अजून मिटली नाही.

ए-३०२: नाही काकी. कोणाचं नाव, फोन, थकबाकी काही नाही. ते सगळ्या जगाला दिसतं.

खजिनदार काका: मी कालची सभेची नोटीस लावून बघितली, मॅडमनी करून दिलेल्या नमुन्यावर. चिन्हंच चिन्हं येतात, एक मराठी अक्षर नाही.

ए-३०२: काका, ती नोटीस ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केलेली. जुन्या फॉन्टात कळ इंग्रजी अक्षराची, फॉन्ट फक्त वरून मराठी आकार चढवतो. फॉन्ट गेला की खालचं उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, टाइप करायला हवं. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता तो कीबोर्ड चालेल. नोटिशीचा फोटो लावू नका, फोटोतलं शोधता येत नाही.

खजिनदार काका: आता लावली. बघा.

ए-३०२: दिसली. तारीख ठळक केलीत ते छान.

डी-१०२: दुबईतून उघडली. फॉर्मही उतरला. देव बरें करूं काका.

सेक्रेटरी: डोमेनचं बिल सोसायटीच्या नावाने आलं. फाइलला लावतो.