हाडांची गोळी आणि सासूबाईंचा सकाळचा चहा

सातारकरीण:
सासूबाई ७२ वर्षांच्या. श्रावणात मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) करायला लावलं. कमरेचा टी-स्कोअर आला उणे २.९. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ, असं त्यांनी समजावलं. अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, दर रविवारी एक गोळी. पहिल्या रविवारी सासूबाईंनी ती चहाबरोबर घेतली आणि पुन्हा आडव्या झाल्या. दुपारपर्यंत छातीत जळजळ! पुढच्या रविवारची गोळी पदराच्या गाठीत सापडली. म्हणतात, "मी नाचणीची भाकरी खाते, मला कशाला गोळी?" खरंच नाचणीवर भागेल का?

ठाणेकर मावशी:
अगं, घोळ चहानं केलाय. गोळी उठल्याउठल्या अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास ना चहा, ना आडवं होणं. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली की जाळते. माझी आई गोळी घेऊन हरिपाठ लावते आणि अंगणात येरझाऱ्या घालते. कॅल्शियमची गोळी तेव्हा नको, ती जेवणानंतर. आणि तरीही जळजळ झाली किंवा गिळताना दुखलं तर पुढची गोळी न देता आधी डॉक्टरांना फोन कर.

गुळपोळी:
नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, भाकरी बंद करू नका. पण उणे २.९ आणि वर मोडलेलं मनगट, तिथं नुसती भाकरी पुरायची नाही. गोळी सोसलीच नाही तर वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देतात. आमच्या बाबांना दिलं. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि ड जीवनसत्त्व तपासलं, किडलेली दाढ काढून घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी सणसणून ताप आणि अंगदुखी, पॅरासिटामॉलवर उतरला. दुसऱ्या वर्षी काहीच नाही.
बाकी, त्या मोरीचं काय केलंत? शेवाळ तसंच असेल तर पुढच्या खेपेला खुबा जाईल. भिंतीला धरायला दांडी ठोकून घ्या.

सातारकरीण:
आज ६:१० ला गोळी, ६:४० ला चहा. जळजळ नाही. मधला अर्धा तास सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या आणि माझ्याकडून मोरी घासून घेतली. दांडीवाला मंगळवारी येतोय.