मदत हवी आहे : खलाशांना एचआयव्ही तपासणीची आठवण मोबाईलवर कशी पाठवावी?

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात खलाशांसाठी आरोग्याचं काम करतो. बरेच खलाशी नेपाळचे आहेत, काही कर्नाटकातले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा गावी जातात. ऑगस्टमध्ये कोणी त्याच बोटीवर येतो, कोणी दुसऱ्याच बंदरात.

सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) तपासणी मोफत होते, तिथवर आम्ही त्यांना नेतो. घोडं अडतं ते पुढे. संबंध नुकताच आलेला असेल तर पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. तेव्हा माणूस समुद्रात, नाहीतर नेपाळात. म्हणून मोबाईलवर आठवण पाठवायची आहे.

पण बोटीवर मोबाईल एकट्याचा नसतो हो! केबिनमध्ये चार्जिंगचा एकच बोर्ड, त्याच्याखाली सगळ्यांचे फोन ओळीने. बंदर जवळ आलं, रेंज आली की धडाधड मेसेज पडतात आणि ज्याचा हात जवळ तो वाचतो. स्क्रीनवर ‘एचआयव्ही’ दिसलं तर पोराची नोकरी गेलीच समजा. व्हॉट्सॲप ग्रुप काढावा तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसणार. त्यात एक नाखवा (बोटीचा मालक) म्हणतो, मलाही ग्रुपात घ्या, कोणी तपासलं ते कळू दे.

मेसेजात लिहावं काय? वाचता न येणाऱ्यांसाठी मिस्ड कॉल दिला की नेपाळीत रेकॉर्डिंग ऐकू येईल अशी सोय कोणी केली आहे का, खर्च किती येतो? आणि नाखव्याला काय सांगू?

खाडीपलीकडचा : नाखव्याला सरळ नाही म्हणा. 2017 चा एचआयव्ही कायदा आहे. संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही, नोकरीसाठी तपासणीची सक्तीही चालत नाही. ग्रुपऐवजी व्हॉट्सॲप चॅनेल काढा, फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्टही चालेल, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. नंबर ‘बर्फवाला’ म्हणून सेव्ह करायला सांगा 😀

सुपारीबाग : बर्फवाल्याचा मेसेज तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आधी उघडेल! आजाराचं नाव न घेता ‘तुमची पुढची तारीख जवळ आली, बंदरात आलात की फोन करा’ एवढंच पाठवा. शब्द कुठले चालतील ते त्या पोरांनाच ठरवू द्या. मी समुपदेशनात काम केलंय. आठवणीपेक्षा बोट सुटण्याआधीचा मेसेज जास्त कामाचा. पीईपीची, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायची, गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागते, जितकी लवकर तितकी बरी, मग 28 दिवस. कोणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतात. बोट बाहेर आठवडाभर राहिली तर ती वेळ गेलीच. म्हणून निरोध आणि 1097 हा मोफत हेल्पलाईन नंबर जेटीवरच द्या. लघवीला जळजळ, जखम, पू असेल तर सुरक्षा क्लिनिक (गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना); सिफिलिसची तपासणीही सोबत करून घ्या.

धागाकर्ता : दोघांचे आभार. चॅनेल काढतो. तांडेलाचा मुद्दा पटला, नंबर नुसत्या नावाने सेव्ह करायला सांगेन. मिस्ड कॉलचं मात्र अजून कोणीच बोललं नाही. नेपाळी बोलणारं माणूस मिळालंय, आवाज तो देईल. यंत्रणा कोणाकडून घ्यावी?