हिंगात गहू?? ग्लुटेन-फ्रीचं लेबल नक्की वाचायचं तरी कसं

घावनवाली
मुलगी ७ वर्षांची, चार महिन्यांपूर्वी सिलिॲक निघालं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते. त्या दिवसापासून पोळी, ब्रेड, बिस्किटं, शेवया, शिरा, उपमा सगळं बंद. डब्याला भाकरी नाहीतर घावन, बिचारी तक्रार करत नाही. पण परवा परत रक्त तपासलं तर टीटीजी (सिलिॲकमध्ये रक्तात वाढणारी अँटीबॉडी) जेमतेम खाली आलाय, डॉक्टर म्हणाले कुठूनतरी गहू जातोय, शोधा. मग काय, रात्री साडेअकराला सगळे डबे ओट्यावर काढून बसले आणि हिंगाच्या डबीमागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात काय, तर गव्हाचं पीठ! मी मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचलं तेव्हा कळलं. वरण, आमटी, भाजी, ताक, सगळ्यात हिंग आहे आमच्याकडे. सासूबाई म्हणतात चिमूटभर हिंगाने काय होतंय. आता मला सांगा, पाकिटावर ग्लुटेन-फ्री म्हणजे खरंच शून्य असतं का? आणि ज्याच्यावर ते लिहिलेलंच नाही, नुसता हिरवा ठिपका आहे, ते कसं ओळखायचं?

पाकीटवाचक
हिरवा ठिपका फक्त शाकाहारी आहे एवढंच सांगतो, गव्हाशी त्याचा काही संबंध नाही, ते आधी डोक्यातून काढा.

शून्य नसतं. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) नियमात ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन, कोडेक्स म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं, त्यांचा आकडाही तोच. २० ते १०० मधलं असेल तर ते 'कमी ग्लुटेन' झालं आणि ते सिलिॲकवाल्यांसाठी नाही, नाव वाचून फसू नका.

आता ज्याच्यावर पुढे काहीच लिहिलेलं नाही त्याचं पाकीट उलटं करा. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ॲलर्जीवाले घटक 'कंटेन्स' म्हणून वेगळे द्यावे लागतात आणि त्यात ग्लुटेनची धान्यं येतात म्हणजे गहू, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य), बार्ली, ओट्स, स्पेल्ट (गव्हाचाच प्रकार). ती ओळ आधी शोधायची आणि मग घटकांची यादी. यादीत मैदा, रवा सगळ्यांना कळतं, पण माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बहुतेक वेळा बार्ली, कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून आणतो आणि त्यात हे असतं. सोया सॉसमध्ये बऱ्याचदा गहू. आणि 'मे कंटेन व्हीट' लिहिलेलं नाही म्हणजे सेफ असं अजिबात समजू नका. अजून एक, अगदी छोट्या पाकिटांना, १०० चौरस सेंमीच्या आतल्या, घटकांच्या यादीतून सूट आहे, त्यामुळे हिंगाची बारकी डबी घेताना त्याच कंपनीची मोठी डबी हातात घेऊन वाचायची. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो घ्या. खडा हिंग म्हणजे शुद्ध असंही नाही हां, त्यातही मैदा असू शकतो.

गिरणगल्ली
हिंगावर एवढी चर्चा चाललीये पण ताई ज्वारी कुठून दळून आणता?? आमच्या भाच्याचं अगदी हेच झालेलं. वर्षभर पाकिटं वाचून डोळे गेले बहिणीचे आणि पीठ यायचं कोपऱ्यावरच्या गिरणीतून, जिथे आधीचा माणूस गहू दळून गेलेला.

हिशोब करा. गव्हाच्या पिठात ग्लुटेन ढोबळ १० टक्के धरा. आधीच्याचं मूठभर पीठ, ४० ग्रॅम म्हणू, तुमच्या २ किलो ज्वारीत आलं तर ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत १ ग्रॅम गहू, म्हणजे जवळपास १०० मिग्रॅ ग्लुटेन. ग्लुटेन-फ्री पिठाच्या तेवढ्याच भाकरीत जास्तीत जास्त १ मिग्रॅ चालतं. आणि हिंग चिमूटभर, त्यात निम्मं पीठ धरलं तरी सगळ्या पातेल्यात मिळून १० मिग्रॅच्या आसपास, ते चौघांत वाटलं जाणार. सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत, हाहा. हिंग बदलाच, पण चोर दुसरीकडे आहे. आणि गिरणीच्या पिठाला लेबलच नाही, वाचणार काय.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत पण २० पीपीएमच (म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम), एफडीए म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचा २०१३ चा नियम. पण ॲलर्जीच्या यादीत फक्त गहू सक्तीचा, बार्ली आणि राय नाही, त्यामुळे 'व्हीट-फ्री' बघून उड्या मारायच्या नाहीत. माझा भाऊ मेलबर्नला असतो, तिकडे 'नो डिटेक्टेबल' म्हणजे तपासणीत सापडताच कामा नये आणि ओट्सवर तर ग्लुटेन-फ्री लिहूच देत नाहीत. आई येताना मेतकूट, भाजणी आणते ती मात्र मी प्रेमाने नवऱ्याला खायला घालते, मुलाला नाही, दोन्हीत गहू असतो.

पाकीटवाचक
बरोबर, घरगुती वस्तू राहिल्याच. सातूचं पीठ पण. आणि खपली गहू "जुना गहू आहे, चालतो" असं सांगणारे खूप भेटतील, तो गहूच आहे, ग्लुटेन आहे त्यात. फरसाणवाल्याकडचं सुटं काहीच नको, एकाच कढईत सगळं तळतात.

बाकी टीटीजी चार महिन्यांत नॉर्मल होत नाही म्हणून घाबरू नका, बऱ्याच मुलांना वर्ष लागतं, जास्तही लागतं. डॉक्टरांना गिरणीचं मात्र नक्की सांगा.

घावनवाली
गिरणी!! अहो कोपऱ्यावरचीच आहे. मी वर त्याला दर वेळी सांगत होते की दादा झटकून घ्या हां, आणि तो पण बिचारा फडक्याने पुसायचा, फडकं तेच पिठाने पांढरं झालेलं. तांदळाची पिठी पण तिथलीच, म्हणजे घावनंही गेली. डोकं धरून बसलेय.

आता घरघंटी घ्यायचीये, फक्त ज्वारी-तांदळासाठी. नवीन परवडत नाही लगेच, जुनी चालेल का?

गिरणगल्ली
जुनी अजिबात नको, आतल्या फटींत वर्षानुवर्षांचं पीठ बसलेलं असतं, ते निघत नाही. आणि महाराष्ट्रात गहू कधीच न दळलेली सेकंडहँड घरघंटी तुम्हाला सापडली तर मला पण कळवा. तोपर्यंत मिक्सरवर तांदूळ धुऊन वाळवून थोडे थोडे काढा, बहीण तेच करायची, पिठी जरा भरड होते पण घावनाला चालते.