मदत हवी आहे: कोपरखैरणे/ठाणे – अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या सगळ्या सेवा जोडून देणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

मी राहते कळव्याला, पण प्रश्न कोपरखैरण्याचा आहे. माझी मावशी आणि काका तिथे सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. काका 78 चे, मावशी 73 ची, मुलगा बंगळुरूला. पावसाळ्यात काकांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. खासगी हॉस्पिटलात उपचार व्यवस्थित झाले, त्याबद्दल काहीच म्हणायचं नाही. खरी वरात निघाली ती डिस्चार्जनंतर.

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एवढंच: फिजिओथेरपी, नर्सिंग, फॉलो-अप. नर्सिंग कुठून आणायचं, कोण बघणार, यावर अवाक्षर नाही. शेवटी ब्युरोतून 12 तासांची बाई ठेवली. बाई चांगली आहे, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी नीट रिकामी करते, पण कमरेखाली लाल चट्टा दिसला तर कुणाला कळवायचं हे तिलाही ठाऊक नाही आणि आम्हालाही. फिजिओ घरी येतो, त्याचं आणि न्यूरोच्या डॉक्टरांचं आजवर बोलणं झालेलं नाही. गोळ्यांची तर कमालच. हॉस्पिटलातून बीपीची नवी गोळी लिहून मिळाली, फॅमिली डॉक्टरांची जुनी चालूच होती. दोन्हींत ॲम्लोडिपिन हेच औषध, फक्त ब्रँड वेगळे. काकांचे पाय सुजायला लागले, तेव्हा सेक्टरातल्या केमिस्टने दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवून मावशीला दाखवलं. इतक्या जाणत्या लोकांत काकांची सगळी औषधं एकत्र पाहिलेला माणूस कोण, तर केमिस्ट!

सरकारी बाजूचं सांगते. 70 च्या पुढच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड (ऑक्टोबर 2024 पासून, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाख) काढलंय. पण ते ॲडमिट झाल्यावर, तेही यादीतल्या हॉस्पिटलात. डिस्चार्जनंतरचे 15 दिवस धरतात, त्यापुढे घरचा फिजिओ, डायपर, बाई हे सगळं आपल्या खिशातून. काकांना पेन्शन आहे, त्यामुळे संजय गांधी निराधार वगैरे बसत नाही, आणि ते रास्तच आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढायचंय, पण त्यासाठी तीन मजले उचलून खाली न्यायचं कसं?

शिवाय नवी मुंबईची ती नेहमीची गंमत. आरोग्य केंद्र महापालिकेचं, तहसील कार्यालय ठाण्याचं, बिल्डिंग सिडकोची. प्रत्येक खिडकीवर माणूस सौजन्याने बोलतो आणि पुढची खिडकी दाखवतो.

तर प्रश्न असे. डॉक्टर, फिजिओ, बाई, कागदपत्रं हे सगळं एका हाताने सांभाळणारी व्यक्ती किंवा संस्था ऐरोली-कोपरखैरणे-वाशी किंवा ठाण्यात कुणाला मिळाली आहे का? पैसे मोजायची तयारी आहे. आणि आरोग्य केंद्रातून सिस्टर घरी येऊ शकते का? मावशींच्या ज्येष्ठ नागरिक संघात अशीच अजून काही घरं आहेत, त्यामुळे संघानेच काही करता येईल का, असंही डोक्यात आहे. कृपया 'मुलाने परत यावं' हा सल्ला नको, त्यावर घरात पुरेशी चर्चा झाली आहे.

प्रतिसाद – निवृत्त_सिस्टर

आधी चट्ट्याचं. बोटाने दाबून बघा. दाबल्यावर क्षणभर फिकट होऊन परत लाल झाला तर वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दर दोन तासांनी कूस बदला, बाईला भिंतीवर तक्ता लावून द्या. गोल रिंगची उशी अजिबात नको, कडेला दाब पडून जखम वाढते. आणि कॅथेटर अजून लागतोय का, हे एकदा विचाराच. जितका जास्त दिवस, तितका इन्फेक्शनचा धोका.

सिस्टर घरी येण्याबद्दल: ज्येष्ठांच्या आरोग्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे (2010-11 पासूनचा), त्यात घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरी भेट देणं लिहिलेलं आहे. तोंडी विचारू नका. नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्या, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. हातात पोच असली की कामं हलतात.

प्रतिसाद – विटावा_नाका

सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत वैद्यकीय समाजसेवक असतात, सरकारीत त्या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. तुम्ही विचारताय ते काम यांचंच. दिव्यांग प्रमाणपत्राच्या मेडिकल बोर्डाची तारीख, नेण्या-आणण्याची सोय, कुठला कागद कुठे, हे त्यांना विचारा. 14567 ही एल्डरलाइनही लावून बघा, सकाळी 8 ते रात्री 8, फुकट आहे. हातात लगेच काही पडणार नाही, पण जवळच्या सेवांची माहिती देतात.

प्रतिसाद – भाकरी_पिठलं

केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारी माणसाचा त्रास कमी करणाऱ्या काळजीचं, धोरण आणलं. तिथे पंचायतीची नर्स घरी जाते आणि गावातले स्वयंसेवक सोबत. आपल्याकडे महापालिका एवढी श्रीमंत, मग का नाही? इंग्लंडने तर 2022 पासून कायद्याने मंडळं नेमलीत, आरोग्य आणि घरची काळजी जोडायला.

धागाकर्ती

@भाकरी_पिठलं, इंग्लंडमध्ये नणंद असते. तिथेही हॉस्पिटल एनएचएसचं (सरकारी आरोग्यसेवेचं) आणि घरची मदत स्थानिक कौन्सिलची, त्यामुळे सासऱ्यांचा डिस्चार्ज अडला होता. केरळचं जास्त पटतं, कारण तिथे सुरुवात शेजाऱ्यांपासून झाली.

@निवृत्त_सिस्टर, खूप आभार. चट्टा दाबल्यावर फिकट होतोय. तक्ता लागला. अर्जाचं उद्याच बघते.

संघाच्या सेक्रेटरींशी बोलले. प्रत्येक घरासाठी एक पान करायचं ठरतंय: आजार, चालू गोळ्या (ब्रँड नाही, आतलं औषध), शेवटचा रिपोर्ट, बाईचा आणि फिजिओचा नंबर, रात्री-अपरात्री कुणाला फोन. पान घरात दर्शनी जागी, कॉपी संघातल्या एका ठरलेल्या माणसाकडे. आता घोडं अडलंय ते या माणसावर. निवृत्त मंडळी म्हणतात, औषधाचं काही चुकलं तर आमच्या गळ्यात नको. कुठल्या संघाने हे केलं असेल, तर घरच्यांकडून काही लिहून घेतलं होतं का? मजकुराचा नमुना असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.