हातानं शिवलेल्या बाहुल्या आणि मऊ खेळणी: आपापले अनुभव सांगा

बाळंतविड्यातली झबली-टोपडी अजून कितीतरी घरांत हौसेनं शिवली जातात, खेळणं मात्र दुकानातूनच येतं. ज्यांनी घरच्या कापडातून बाहुली, ससा, हत्ती, काहीही शिवलं असेल, त्यांनी इथं लिहावं ही मनापासून विनंती. शोकेसमधल्या बाहुल्या नकोत. पोरांनी चावलेल्या, फरफटवलेल्या, बादलीत बुडवलेल्या आणि तरी टिकलेल्या हव्यात. सुरुवात मीच करते.

मी अंगासाठी मांजरपाट वापरते. तो आधी धुऊन घ्यायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि शिवण ओढली जाते. अर्धा सेंटीमीटर माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडून उलट टीप, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेत, घालते. नुसता धावदोरा घातला, तर कापूस ठासताना शिवण उघडते. काखेच्या आणि मानेच्या गोलाईवर शिवणीच्या अगदी जवळपर्यंत बारीक कातरे द्यायचे, म्हणजे सुलट केल्यावर चुण्या पडत नाहीत. सगळ्यात जपायची ती मान. डोक्यातून मानेत, मानेतून छातीत असा कापूस सलग दाबून भरला, तरच डोकं ताठ राहतं. मूल बाहुलीला उचलतं ते बहुतेक वेळा गळ्यालाच धरून!

कराडहून

आमच्याकडे पाळण्यावर चिमणाळं टांगायची पद्धत. आजी ते खणाच्या आणि लुगड्याच्या काठांच्या तुकड्यांतून करायची. चिमण्या, राघू, पोटात कापूस, लाल दोऱ्याची चोच, खाली मण्यांच्या लडी. नातवासाठी मी ते केलं, पण मणी लावले नाहीत, दोऱ्याचे गोंडे लावले. बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं आणि चिमणाळं उतरवून ठेवलं. त्या वयात हाताला लागलेली वस्तू थेट तोंडातच जाते.

सोलापूरहून

मी शिंपी. दुकानातल्या कातरणीतून भाच्यांसाठी प्राणी शिवतो. हातपाय कापडाच्या उभ्या धाग्यावर कापा, उरेप, म्हणजे तिरके, पडले तर भरल्यावर वेडेवाकडे फुगतात. आत काय भरायचं, याचं माझं मत पक्कं आहे. गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस हाताला छान लागतो, पण धुतल्यावर त्याच्या गोळ्या होतात आणि आतून वाळता वाळत नाही. सावरीचा कापूस हलका, पण विरळ कापडातून त्याचे तंतू बाहेर येतात. रोजच्या खेळण्यात पॉलिएस्टरचा फायबर बरा, पिळून उन्हात टाकला की लवकर वाळतो.

ठाण्याहून

मी ओळखीच्यांसाठी शिवून देते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला बटणाचे डोळे नाहीत म्हणजे नाहीत, कितीही गोड दिसले तरी. डोळे, नाक, तोंड सगळं भरतकामानं. कान आणि शेपूट मुख्य शिवणीतच अडकवून शिवते, वरून टाचत नाही. देण्याआधी प्रत्येक कान धरून जोरात ओढून बघते. ज्यांना विक्री करायची आहे त्यांच्यासाठी: जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. ही नोंदणी जरूर करून घ्या.

उल्म, जर्मनीहून

इथून जवळच गींगेन गाव आहे. मार्गारेटे श्टाइफ तिथल्या. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांतली शक्ती गेली, तरी त्यांनी शिवणकामावर घर उभं केलं. 1880 साली त्यांनी फेल्टचा (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचा) छोटा हत्ती शिवला, तो टाचण्या खोचायला. मुलांनी तो खेळायलाच घेतला आणि तिथून खेळण्यांचा कारखाना सुरू झाला. लेकीसाठी मी फेल्टचाच हत्ती शिवला. फेल्टला धागे सुटत नाहीत, त्यामुळे माया आत न दुमडता कडेनं काजाचा टाका घालता येतो. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं. लोकरीचं फेल्ट गरम पाण्यात मात्र टाकू नका, आक्रसतं.

इंदूरहून

शोकेस नको म्हणालात, तरी मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या बाहुल्यांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. भिल्ल जोडपं, त्याच्या हाती धनुष्यबाण, तिच्या अंगावर मण्यांचे दागिने. हे काम करणाऱ्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. कापडी बाहुलीच्या कामाला असा मान मिळाला, याचा फार आनंद झाला. मी आईच्या जुन्या इरकलीतून तसं जोडपं केलं. नातींनी त्यांना मुंडावळ्या बांधून लग्नच लावलं, पंगतीला चुरमुरे! जोडपं आता कपाटात नसतं, त्यांच्या अंथरुणात असतं. एक विचारायचं होतं, लोकरीचे केस सारखे निघतात, काय करावं?

इंदूरच्या ताईंसाठी

लोकर चिकटवू नका. सगळे धागे आडवे मांडून मधोमध भांग येईल तिथं कापडाच्या पट्टीवर मशीननं दोनदा शिवून घ्या, मग ती पट्टी डोक्यावर उलट टिपेनं घट्ट बसवा. कानांपाशीही दोन-तीन टाके हवेत. वेण्या घातल्या तर केस कमी ओढले जातात.