खारपाणपट्ट्यातली गाडी, ॲल्युमिनियमचा रेडिएटर: कूलंट कोणतं टाकाचं?

पिकअपवाला, दर्यापूर:
राम राम मंडळी. माह्या पिकअपचा रेडिएटर अडीच वर्षांत दुसऱ्यांदा गेला. पहिला गेला तेव्हा वाटलं गिट्टीचा मार बसला असन. आता मे महिन्यात हरभरा घेऊन अकोल्याले जात होतो, म्हैसांगजवळ इंजिनच्या गरमीचा काटा लाल. गाडी सावलीत लावली, तासाभरानं झाकण उघडलं. आतलं पाणी गढूळ अन् नळ्यांच्या तोंडाशी चुन्यासारखा पांढरा भुगा. मेस्त्रीनं रेडिएटर उतरवून दाखवला, तर नळ्यांले सुईच्या टोकाएवढी छिद्रं, आतून बाहेर आलेली.

खरं सांगतो, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवाले रेडिएटरात टाकतात ते रंगीत औषध, मी एकदाच टाकलं, हिरवं. मंग कमी झालं की शेतातल्या बोअरचं पाणी. आमचं बोअर खारं हाये, कपाशीले देल्लं तर जमीन पांढरी पडते. जे पाणी वावराले देत नाही तेच गाडीले पाजत होतो, हे ध्यानातच नाही आलं. एकदा रस्त्यात गळती दिसली, ती बुजावी म्हणून हळद बी टाकली.

आता नवा बसवाचा हाये. दुकानदार म्हणते लाल घ्या. शेजारचा म्हणते आपल्याकडं काय बर्फ पडते, कूलंटची गरजच नाही. कोणाचं आयकू? गाडीवरच घर चालते.

रेडिएटर मेस्त्री, मूर्तिजापूर:
भाऊ, रोग तुम्हीच ओळखला आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साय आपोआप धरते, तीच त्याला राखते. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड ती साय एखाद्या जागी फोडतं आणि तिथंच खोल खात जातं. म्हणून पत्रा सगळीकडून झिजत नाही, सुईची छिद्रं पडतात. त्या नळीचा पत्रा अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. पांढरा भुगा म्हणजे खाल्लेलं ॲल्युमिनियम आणि पाण्यातला क्षार.

बर्फाचं म्हणाल तर शेजाऱ्यांची अर्धीच गोष्ट खरी: इथं पाणी गोठायची भीती नाही. आपल्याला कूलंट लागतं ते त्यातल्या गंजरोधकासाठी आणि पाणी लवकर उकळू नये म्हणून. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण साध्या दाबाला साधारण १०७ अंशाला उकळतं, झाकणाच्या दाबाखाली त्याहून वर. पण निव्वळ कूलंट ओतू नका. कूलंटमधलं मुख्य द्रव्य ग्लायकॉल, ते पाण्याएवढी उष्णता वाहून नेत नाही, गाडी उलट जास्त तापेल.

रंगावर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मनानं घालते. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटवाल्या कूलंटचं गंजरोधक साधारण दोन वर्षांत संपतं, सेंद्रिय आम्लाचं, म्हणजे ओएटी, पाच वर्षांपर्यंत जातं. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला आहे तोच घ्या आणि डब्यावर आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) शोधा. दोन प्रकार एकात एक मिसळू नका, गंजरोधकाचा जोर जातो, कधी गाळही धरतो.

हळद तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये खपून जायची. या बारीक नळ्यांत ती घट्ट बसते.

ट्रॅक्टरवाला, तेल्हारा:
आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा पितळी रेडिएटर चोंदला की मेस्त्री टाकी उघडून सळईनं नळ्या साफ करे, गळला की डाग देई. बोअरच्याच पाण्यावर वर्षं काढली. म्हणून मले हे सारं नवीन हाये. गावात आरओचा प्लांट हाये, ते पाणी चालन काय?

रेडिएटर मेस्त्री, मूर्तिजापूर:
रस्त्यात अडलात तर चालेल, बोअरपेक्षा कितीतरी बरं. पण आरओत थोडे क्षार राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, फक्त ते ॲसिड नाही ना एवढं बघून.

दर्यापूरकर भाऊ, भरताना एक चूक सगळे करतात. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये जुनं पाणी राहतं. आधी डिस्टिल्ड पाण्यानं दोन-तीनदा धुवा, दरवेळी इंजिन गरम करून, मग थंड झाल्यावर सोडून. धुऊन झालं तरी ब्लॉकमध्ये साधं पाणी उरणारच. म्हणून पुस्तकात ८ लिटर लिहिलं असेल तर आधी ४ लिटर घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट मोजून ओता, मग पाण्यानं भरा. तयार मिश्रणाचा डबा आणलात तर ब्लॉकमधल्या पाण्यानं ते पातळ होतं.

आणि मल्टीमीटर लावाच. काळी तार बॅटरीच्या मायनसला, लाल कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. आमचा ठोकताळा असा की ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर एकतर कूलंट संपलं, नाहीतर अर्थिंग खराब होऊन करंट रेडिएटरातून जातो आहे.

सोडलेलं कूलंट मात्र उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागतं. कुत्रं, वासरू पितं आणि किडन्या जाऊन मरतं.

पिकअपवाला, दर्यापूर:
मेस्त्री, तुमच्या म्हणण्यापरमाणं केलं. चौथ्या धुण्याले पाणी स्वच्छ आलं. माह्या पुस्तकात ओएटीच लिहिलं होतं, दोन वर्षांत मी ते उघडून पाहिलं नव्हतं. भरण्याआधी मीटर लावला होता, ०.४ आला. इंजिनची अर्थिंगची तार बॅटरीजवळ हिरवी पडली होती, ती बदलली. आता ०.०८ दाखवते. झाकण बी नवं आणलं, जुन्याचं रबर कडक झालं होतं.

जुनं पाणी कॅनमध्ये बंद करून गोठ्यापासून दूर ठेवलं हाये. ते कुठं द्यावं, अकोल्यात कोणाले माहीत असन तर सांगजा.